घर खरेदीदाराकडून एजंटाने एक्सक्लुझिव्ह करार मागावा का?

उंबरठा (धागाकर्ता)

आम्ही अमेरिकेत पहिले घर शोधत आहोत. ओळखीतून कळलेल्या एका एजंटबाईंशी फोनवर बोलणे झाले आणि दोन घरे दाखवायचे ठरले. आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडून ई-साइनसाठी एक करार आला. सही झाल्याशिवाय घरे दाखवता येणार नाहीत, असे सोबतच्या निरोपात लिहिले होते. करार एक्सक्लुझिव्ह आहे, मुदत सहा महिने आहे, क्षेत्राच्या रकान्यात संपूर्ण राज्य आहे आणि कमिशन अडीच टक्के आहे. शिवाय मुदत संपल्यावरही १८० दिवस लागू राहणारे एक कलम शेवटच्या पानावर आहे.

घर पाहण्याआधी काहीतरी लेखी करार व्हावा लागतो, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न पुढचा आहे. ज्या व्यक्तीचे काम आम्ही अजून पाहिलेलेच नाही, तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडेही जाणार नाही असे सहा महिन्यांसाठी लिहून द्यावे, ही अट एजंटांनी घालणे योग्य आहे का? आणि ती मान्य करण्यात खरेदीदाराचेही काही हित आहे का?

घर घ्यावे की भाड्यानेच राहावे, हा वाद कृपया येथे आणू नये. त्या विषयाचे धागे अगोदरच ओसंडून वाहत आहेत.

कलमनवीस

आधी नियम काय सांगतो ते स्पष्ट करतो, कारण या विषयात "नियमच तसा आहे" हे वाक्य फार सढळ हाताने वापरले जाते.

१७ ऑगस्ट २०२४ पासून जे बदल लागू झाले, तो अमेरिकी काँग्रेसने केलेला कायदा नव्हे. घर विकणाऱ्यांनी मिसूरीत दाखल केलेल्या खटल्यात ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ज्युरीने नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स, म्हणजे एनएआर, आणि काही मोठ्या ब्रोकरेज कंपन्यांच्या (ज्यांच्यामार्फत एजंट काम करतात) विरोधात सुमारे १७८ कोटी डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये एनएआरने ४१.८ कोटी डॉलर आणि कामकाजातील काही बदल मान्य करून तडजोड केली. घर दाखवण्यापूर्वी लेखी करार करण्याची अट या तडजोडीतून आली आहे.

अशा करारात एजंटाचा मोबदला नेमका लिहावा लागतो. टक्के, ठरावीक रक्कम किंवा तासाचा दर, काहीही चालते, पण "विक्रेता देईल ते" असे मोघम लिहिता येत नाही. लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त पैसे एजंटाला कोणाकडूनच घेता येत नाहीत, आणि कमिशन कायद्याने ठरलेले नसून वाटाघाटीचा विषय आहे हे ठळकपणे नमूद करावे लागते. करार एक्सक्लुझिव्ह असावा असे तडजोडीत कुठेही म्हटलेले नाही. सहा महिन्यांची मुदतही तिच्यात नाही. एका घरापुरता किंवा एका दिवसापुरता नॉन-एक्सक्लुझिव्ह करारही ती अट पूर्ण करतो. तुम्ही स्वतःहून ओपन हाउसला (सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या घराच्या पाहणीला) गेलात किंवा एजंटाला फक्त माहिती विचारलीत, तर सहीची गरजच नाही.

राज्यांचे कायदे याहून वेगळे असू शकतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून व्यक्ती म्हणून घर घेणाऱ्याशी केलेला असा करार तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही आणि तो आपोआप वाढतही नाही. वाढवायचा असल्यास पुन्हा लेखी सही लागते. तुमचे राज्य कोणते ते सांगितले नाहीत, म्हणून तेथील कायदा स्वतंत्रपणे पाहावा.

थोडक्यात, सही मागणे ही तडजोडीची अट आहे. एक्सक्लुझिव्हपणा मागणे ही त्या ब्रोकरेजची इच्छा आहे. दोन्ही एकाच पीडीएफमध्ये आले म्हणून त्यांचे वजन सारखे होत नाही.

किल्लीवाला

मी स्वतः या व्यवसायात आहे, त्यामुळे माझे मत त्या बाजूने झुकलेले आहे हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

खरेदीदाराला एजंटाचे काम दार उघडण्यापुरतेच दिसते. प्रत्यक्षात दार उघडण्यापूर्वी विक्रेत्याचे डिस्क्लोजर, म्हणजे घरातील दोषांचे निवेदन, वाचलेले असते, तळघरात पाणी येऊन गेल्याचा उल्लेख त्यात सापडलेला असतो, पंप कधी बसवला आणि पाणी नक्की कोणत्या भिंतीतून आले हे समोरच्या एजंटाला विचारून झालेले असते, आणि याच घराचा आधीचा सौदा इन्स्पेक्शननंतर का मोडला याचा अंदाज घेतलेला असतो. त्यानंतर जवळपास अलीकडे विकल्या गेलेल्या घरांच्या किमती काढून ऑफर कितीची करावी हे ठरते. ती ऑफर गेली, तर सगळे पहिल्यापासून सुरू होते. यातल्या कशाचेही पैसे घर हातात येईपर्यंत मिळत नाहीत. आणि अनेक आठवडे असे काम केल्यावर ग्राहक एका ओपन हाउसमध्ये भेटलेल्या एजंटाकडून ऑफर लिहून घेतो आणि आम्हाला ते सोशल मीडियावरच्या फोटोतून कळते.

पूर्वी अशा भांडणात "प्रोक्युअरिंग कॉज" म्हणजे सौदा मुळात कोणाच्या प्रयत्नांमुळे घडून आला, हे संघटनेच्या लवादापुढे सिद्ध करावे लागे. ते त्रासाचे असे आणि त्याचा निकाल अनिश्चित असे. एक्सक्लुझिव्ह करारात हा प्रश्न आधीच सुटलेला असतो. ग्राहक आपलाच आहे याची खात्री असेल, तर "हे घर घेऊ नका, थांबा" असे सांगण्याचे धैर्य एजंटाला येते, कारण थांबल्यामुळे ग्राहक हातचा जाणार नसतो. हा फायदा खरेदीदाराचा आहे आणि तो फारसा कोणी मोजत नाही.

नवाभाडेकरू

किल्लीवाला, शेवटचा मुद्दा मला उलटा वाटतो. ग्राहक बांधलेला असेल तर थांबा म्हणण्याचे धैर्य येईल, हे खरे. पण बांधलेल्या ग्राहकाचा फोन दोन दिवसांनी उचलण्याचे धैर्यही त्याच कलमातून येते.

सावधपान

हे माझ्या बाबतीत घडले आहे, म्हणून लिहितो. पहिल्या घराच्या दारात उभे राहून, फोनच्या पडद्यावर, आम्ही दोघांनी सह्या केल्या. एजंट तोंडाने "नुसती फॉर्मॅलिटी आहे" असे म्हणत होता. पहिल्या दोन आठवड्यांत सेवा उत्तम होती. नंतर त्याच्याकडे मोठ्या किमतीचे दुसरे ग्राहक आले असावेत, कारण आमच्या निरोपांना उत्तर येईपर्यंत लिस्टिंगवर, म्हणजे घराच्या विक्रीच्या जाहिरातीवर, "पेंडिंग" (सौदा ठरल्याची खूण) लागलेले असे. दुसऱ्या एजंटाला फोन केला, तर तिने पहिलाच प्रश्न विचारला की तुमचा कोणाशी एक्सक्लुझिव्ह करार आहे का, आणि "आहे" म्हटल्यावर तिने नम्रपणे फोन ठेवला.

आम्ही ब्रोकरेजकडे सुटका मागितली. त्यांनी एजंट बदलून देऊ म्हणून सांगितले, करार मात्र सोडला नाही. करार त्या एजंटाशी नसून ब्रोकरेजशी असतो, हे तेव्हा नीट उमगले. आमचा एजंट उद्या नोकरी बदलून गेला असता तरी आम्ही तेथेच राहिलो असतो.

कलमनवीस

सावधपान यांनी सांगितलेला फोनवरचा प्रश्न विचारणे एनएआरच्या आचारसंहितेनेच एजंटांवर बंधनकारक केले आहे. दुसऱ्या सदस्याशी एक्सक्लुझिव्ह करार असलेल्या ग्राहकाच्या संबंधात सदस्याने ढवळाढवळ करू नये आणि नवा करार करण्यापूर्वी तसा करार अस्तित्वात आहे का हे पाहावे, असे सोळाव्या अनुच्छेदात अपेक्षित आहे. त्यामुळे ही सही केवळ दोघांमधली राहत नाही. एक सही झाली की त्या भागातल्या बाकी सर्व एजंटांची दारे तुमच्यासाठी मिटतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. सही किती विचार करून करावी, हे या एका गोष्टीवरून ठरावे.

दोन एक्सक्लुझिव्ह करार एकाच वेळी केले, तर दोन कमिशने देण्याची पाळी येऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे.

जुनेजाणते

मूळ प्रश्नाचे उत्तर थोडे मागे गेल्याशिवाय मिळणार नाही. खरेदीदाराचा स्वतःचा एजंट ही अमेरिकेतही फार जुनी गोष्ट नाही. पूर्वी घर दाखवणारा एजंट हा कायद्याने विक्रेत्याचाच उपएजंट समजला जाई, पण दिवसभर सोबत हिंडणारा माणूस आपलाच आहे असे खरेदीदाराला वाटत असे. १९८३ सालच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचारी अहवालात बहुसंख्य खरेदीदारांचा हाच गैरसमज असल्याचे दिसून आले होते. "मी जास्तीत जास्त इतके देऊ शकतो" हे खरेदीदार ज्याच्या कानात सांगत होता, त्याच्यावर ते विक्रेत्याला कळवण्याची जबाबदारी होती. पुढे राज्यांनी प्रतिनिधित्व उघड करण्याचे नियम केले आणि नव्वदच्या दशकात खरेदीदाराचे प्रतिनिधित्व रूढ झाले.

पण पैशाचा मार्ग तोच राहिला. विक्रेत्याच्या एजंटाने एमएलएसवर, म्हणजे एजंटांच्या सामायिक घर-यादीवर, लिस्टिंग टाकताना समोरच्या एजंटासाठी काहीतरी मोबदला देऊ करायचा, अशी पद्धत होती. प्रतिनिधी खरेदीदाराचा आणि त्याचे पैसे ठरवणारा विक्रेता, अशी ती रचना होती. २०२४ च्या तडजोडीने एमएलएसवर मोबदला देऊ करणे बंद झाले. एमएलएसच्या बाहेर विक्रेता तो आजही देऊ शकतो आणि अनेकदा देतोही. मात्र एजंटाला मिळण्याची हमी आता एमएलएसमधून येत नाही, ती खरेदीदाराच्या सहीतून यावी लागते. एजंट मंडळी एक्सक्लुझिव्ह करारासाठी आज इतकी आग्रही का झाली आहेत, याचे कारण मला यात दिसते. जी हमी पूर्वी विक्रेत्याकडून मिळत होती, ती आता खरेदीदाराकडून मागितली जात आहे, आणि खरेदीदाराला मात्र तो एक नेहमीचा फॉर्म वाटतो.

मोबदला लेखी ठरावा याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पहिल्या भेटीपूर्वी एक्सक्लुझिव्हपणा मागण्याला नाही.

हिशेबी

आकड्यांत सांगतो. समजा घर ६,००,००० डॉलरचे आहे आणि करारात अडीच टक्के लिहिले आहे, म्हणजे १५,००० डॉलर. विक्रेता दोन टक्के द्यायला तयार झाला, म्हणजे १२,०००. उरलेले ३,००० खरेदीदाराने क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, वेळी द्यायचे, आणि ते सहसा गृहकर्जात मिळवता येत नाहीत, रोख लागतात. विक्रेत्याने काहीच दिले नाही, तर सगळे १५,००० तुमच्या अंगावर येतात. डाउन पेमेंटसाठी पै-पै जमवलेल्या माणसाला हा फरक सोसणारा नसतो.

विक्रेत्याने कमिशन द्यावे अशी मागणी ऑफरमध्येच घालता येते. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जे विकत घेणाऱ्या संस्थांनी २०२४ मध्येच स्पष्ट केले आहे की, स्थानिक रूढीप्रमाणे विक्रेत्याने दिलेले खरेदीदाराच्या एजंटाचे कमिशन, विक्रेत्याकडून घेता येणाऱ्या सवलतींच्या कर्जनियमातील मर्यादेत धरले जात नाही. तेव्हा ती मर्यादा ओलांडली जाईल, अशी भीती बाळगू नये. मात्र अनेक ऑफर आलेल्या घरावर अशी मागणी घातलेली ऑफर मागे पडू शकते, आणि त्या क्षणी एजंटाचे हित व तुमचे हित वेगवेगळ्या दिशांना जाते. एक्सक्लुझिव्ह करारात अशा वेळी तुमच्याकडे दुसरा पर्याय नसतो. म्हणून विक्रेत्याने कमी दिल्यास एजंट तेवढ्यावर भागवेल की फरक तुमच्याकडून घेईल, हे आकड्याच्या शेजारीच लिहून घ्यावे.

मोकळाढाकळा

मला एक्सक्लुझिव्ह करार कोणत्याच स्वरूपात मान्य नाही. घर शोधण्याचे निम्मे काम आता खरेदीदार स्वतः फोनवर करतो. घर दाखवण्याचे इतके, ऑफर लिहिण्याचे इतके, अशी ठरावीक फी घ्यावी आणि मोकळे व्हावे. सहा लाखांचे घर दाखवण्याचे श्रम चार लाखांच्या घरापेक्षा दीडपट नसतात, मग कमिशन दीडपट का?

किल्लीवाला

फी घेऊन काम करणारे एजंट आहेत आणि त्यांच्याकडे जरूर जावे. पण एक अनुभव सांगतो. तासाच्या दराने काम करू का, असे मी काही ग्राहकांना विचारून पाहिले. घर मिळाले नाही तरी पैसे द्यावे लागतील, हे ऐकल्यावर बहुतेकांना टक्केवारीच बरी वाटली. टक्केवारीचा अर्थच असा की, ज्याचे घर होते तो ज्याचे होत नाही त्याच्या वेळेचेही पैसे भरतो. ही व्यवस्था न्याय्य आहे असे माझे म्हणणे नाही. पण यश मिळाले तरच पैसे, अशी अट ग्राहकाला हवी असेल, तर यश दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही एवढी खात्री एजंटाने मागणे मला गैर वाटत नाही.

सहा महिने आणि संपूर्ण राज्य मात्र मीही मागत नाही. सावधपान यांना सुटका द्यायला हवी होती. नाखूश ग्राहकाला कागदाच्या जोरावर धरून ठेवणारा ब्रोकर पुढचे चार ग्राहक घालवतो.

नवाभाडेकरू

तुम्ही सुटका दिली असती यावर माझा विश्वास आहे. पण तुमच्या चांगुलपणावर विसंबण्याऐवजी ते करारातच लिहिलेले असले, तर काय बिघडते?

किल्लीवाला

काही बिघडत नाही. माझ्या करारात आता लिहिलेले असते: दोघांपैकी कोणीही ईमेलने कळवून करार संपवू शकतो, आणि तोवर मी प्रत्यक्ष दाखवलेल्या घरांपुरताच माझा हक्क पुढे राहतो.

कलमनवीस

किल्लीवाला यांच्या वाक्याच्या उत्तरार्धात सगळी मेख आहे, आणि उंबरठा यांच्या १८० दिवसांच्या कलमाचा संबंध तेथेच येतो. मुदत संपल्यानंतरच्या या काळाला काही जण "प्रोटेक्शन पीरियड" म्हणतात, काही "टेल". त्यामागचा हेतू रास्त आहे. एजंटाने घर दाखवायचे, खरेदीदाराने मुदत संपेपर्यंत गप्प बसायचे आणि दुसऱ्या दिवशी थेट विक्रेत्याला गाठायचे, हे टळावे म्हणून ते कलम असते. पण त्याची शब्दरचना नीट वाचली पाहिजे. "एजंटाने दाखवलेली आणि लेखी यादीत नमूद केलेली घरे" असे असेल, तर ते मान्य करण्यासारखे आहे. "खरेदीदाराच्या निदर्शनास आणलेली कोणतीही मालमत्ता" असे असेल, तर एजंटाच्या प्रणालीतून रोज आपोआप येणाऱ्या ईमेलमधली शेकडो घरेही त्यात बसवता येतील, जी तुम्ही उघडूनही पाहिली नसतील. दाखवलेल्या घरांचा पुरावा अवघड नसतो, कारण इलेक्ट्रॉनिक लॉकबॉक्समध्ये, म्हणजे घराची किल्ली ठेवलेल्या पेटीत, कोणाच्या किल्लीने, कधी दार उघडले याची नोंद राहते. मग मोघम शब्दांची गरज कोणाला आणि कशासाठी लागते?

१८० दिवसही मला जास्त वाटतात. आणि याच काळात तुम्ही दुसऱ्या ब्रोकरशी नवा एक्सक्लुझिव्ह करार केल्यास हे कलम गळून पडेल, असे वाक्य काही फॉर्ममध्ये असते. तुमच्यात नसेल तर घालून घ्यावे.

क्षेत्राबाबत: संपूर्ण राज्य लिहिण्याला काहीही अर्थ नाही. तुम्ही ज्या एक-दोन काउंटींत (जिल्ह्यासारख्या विभागांत) शोधता आहात त्याच लिहाव्यात. उद्या नोकरीमुळे राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले, तर तेथे त्या बाईंचा काही उपयोग नसूनही कमिशन त्यांचे होईल.

विटावाळू

एक मुद्दा राहिला. नवीन बांधकामाच्या वसाहतीत बिल्डरच्या विक्री कार्यालयात तुम्ही सहज म्हणून एकटे शिरलात आणि वहीत नाव लिहिलेत, तर अनेक बिल्डर नंतर आलेल्या एजंटाला कमिशन देत नाहीत. पहिल्या भेटीला एजंट सोबत हवा किंवा त्याचे नाव नोंदलेले हवे, अशी त्यांची अट असते. तुमचा करार एक्सक्लुझिव्ह असेल आणि नवीन बांधकाम त्यातून वगळलेले नसेल, तर बिल्डर देणार नाही ते कमिशन तुमच्याकडून मागितले जाऊ शकते. एजंटाविना थेट मालकाकडून घेतलेल्या घरालाही हेच लागू होते. ओळखीच्या कोणाचे घर विकत मिळण्याची शक्यता असेल, तर ते नावानिशी वगळून घ्यावे.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. एजंटबाईंशी पुन्हा बोललो. आधी एका आठवड्यापुरता, ठरलेल्या दोन घरांसाठीच, नॉन-एक्सक्लुझिव्ह करार करू या, असे सुचवले. त्यांना ते फारसे रुचले नाही. त्यांच्या ब्रोकरेजचा फॉर्म ठरलेला आहे, असे त्या म्हणाल्या. कॅलिफोर्नियाचा दाखला आमच्या राज्यात चालणार नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले, आणि ते बरोबरच आहे. शेवटी ब्रोकरशी बोलून त्यांनी आठवड्याचा करार पाठवला. घरे पाहून झाली. त्यांनी एका घराच्या छताबद्दल जे दाखवून दिले ते आमच्या लक्षातही आले नसते, त्यामुळे त्यांच्यासोबत पुढे जावे असे आम्हा दोघांनाही वाटते आहे.

पुढच्या करारासाठी साठ दिवस, दोन काउंटी, नवीन बांधकाम वगळून, ईमेलने रद्द करण्याची मुभा आणि लेखी यादीतल्या घरांपुरते तीस दिवसांचे टेल, असे मागितले आहे. टेलच्या दिवसांवर अडले आहे. त्या नव्वदवर ठाम आहेत. एक्सक्लुझिव्ह या शब्दाला आता माझा विरोध उरलेला नाही. काम पाहून मग सही करताना तो तितका खटकत नाही.

एक शंका मात्र आहे. आम्हाला आवडलेल्या घरांपैकी एक त्यांच्याच ब्रोकरेजच्या दुसऱ्या एजंटाचे लिस्टिंग आहे.

कलमनवीस

तीस आणि नव्वदच्या मध्ये कुठेतरी भागेल. यादी लेखी असेल तर मी त्यावर फार ताणणार नाही. शंकेकडे मात्र नीट पाहा. दोन्ही बाजू एकाच ब्रोकरेजकडे असतील, तर काही राज्यांत दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने ते चालते. फ्लोरिडा व कोलोरॅडो येथे एकाच एजंटाला दोन्ही पक्षांचे पूर्ण प्रतिनिधित्व एकाच वेळी करता येत नाही, तेथे तटस्थ मध्यस्थाची भूमिका घेता येते. तुमच्या फॉर्ममध्ये अशा प्रसंगाला आगाऊ संमती देणारा एखादा चौकोन असण्याची शक्यता आहे. तो आत्ता रिकामा ठेवा, आणि त्या घरावर ऑफर करायची वेळ आली तर किमतीची सर्वोच्च मर्यादा सांगण्यापूर्वी त्या कोणाच्या बाजूने बोलणार आहेत ते लेखी विचारा.

उंबरठा (धागाकर्ता)

चौकोन आहे. पाचव्या पानावर, आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली आहे. ती काढून फॉर्म परत पाठवतो.